वकिलांचं परदेशगमन

पक्ष्याचं वजन उपाशीपोटी करायचं की खाऊन झाल्यावर, हा प्रश्न आपल्या आयुष्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण तो आला, आणि तोही सकाळी साडेसातला, गॅसवर दूध असताना. ह्यांनी माझा स्वयंपाकघरातला काटा ओढून घेतला, त्यावर वकिलाला उभं केलं आणि म्हणाले, "ब्याण्णव ग्रॅम. पण आत्ताच खाल्लंय त्याने. फॉर्मवर काय लिहू?" तेवढ्यात दूध उतू गेलं. दुधाचं वजन कुणी केलं नाही.

वकील हा आमचा पक्षी. जात कॉकाटील. राखाडी अंग, डोक्यावर पिवळा तुरा आणि दोन्ही गालांवर नारिंगी ठिपके, कुणीतरी घाईघाईत लाली फासून दिल्यासारखे. दुसरं कुणी बोलायला लागलं की त्याच क्षणी हाही शीळ घालून आपली बाजू मांडायला लागतो. समोरचा दमेपर्यंत थांबत नाही, आणि समोरचा गप्प बसला की याचंही म्हणणं संपतं. म्हणून वकील. खऱ्या वकिलांनी राग मानू नये. आमचा फीदेखील घेत नाही. गेली अकरा वर्षं तो ह्यांच्या उजव्या खांद्यावर मुक्कामाला आहे. ह्यांचे सगळे शर्ट उजव्या खांद्यावर विरलेले आहेत आणि ते रफू मी करते. माझा आणि वकिलाचा संबंध एवढाच होता.

तर झालं असं, की आमच्या लेकीला दिवस गेले. लेक-जावई परदेशात. डॉक्टरांनी तारीख दिली तशी लेकीने फोन करून सांगितलं, "आई, पंधरा दिवस आधी तरी ये. मला भीती वाटते." आता ही माझी लेक कशी, तर लहानपणी दात काढून घेताना डॉक्टरांनाच धीर देणारी. तिच्या तोंडून भीती हा शब्द ऐकल्यावर मी त्याच संध्याकाळी माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली. बाबांनाही घेऊन ये, असं तिने पुढे जोडलं होतं. ते मी ह्यांच्या कानावर घातलं. ह्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, खांद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि वकिलाचं काय?"

इथे माझी एक अडचण सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजेल. मी एकटीने कधी प्रवास केलेला नाही. माहेरी जायचं तरी इकडून हे सोडायला आणि तिकडे भाऊ घ्यायला. आणि लेकीकडे जायचं म्हणजे मधे विमान बदलायचं. दोन विमानांच्या मधे जे काही असतं, त्याची मला या वयात जेवढी धास्ती आहे तेवढी मरणाचीही नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. वकील गेला तर हे जाणार, हे गेले तर मी जाणार, आणि मी गेले तर लेकीच्या उशाशी कुणीतरी आपलं माणूस असणार. सगळा भार ब्याण्णव ग्रॅमवर.

बातमी जिन्यात पोचायला एक दुपार पुरली. समोरच्या मावशी लगेच आल्या. वकिलाला सहा महिने आपण सांभाळू म्हणाल्या. त्यांच्याकडे मांजर आहे, याची मी आठवण करून दिली. त्यावर ते मांजर फार मनमिळाऊ असल्याचं त्यांनी सांगितलं. तेही नको असेल तर पर्समध्ये घालून न्यावा, वरून रुमाल टाकावा. त्यांच्या भाच्याने दोन कासवं अशीच डब्यातून नेली होती. कासवं बोलत नाहीत हो मावशी, एवढंच मी म्हटलं. मग शेवटचा उपाय म्हणून त्यांनी विचारलं, की तिकडे असे पक्षी मिळत नाहीत का, हा इथे देऊन टाकून तिकडे दुसरा घ्यायला काय हरकत आहे. ह्यांनी मावशींकडे असं काही बघितलं, की जणू त्यांनी लेकीबद्दलच तसं सुचवलं होतं. मावशी चहा न घेता गेल्या. मावशींनी चहा न घेण्याची आमच्या जिन्यातली ती पहिली नोंद.

जावयाने तिकडून नियम पाठवले. चौदा पानं. ती वाचायला आम्ही वरच्या मजल्यावरून नियमकाकांना बोलावलं. नियमकाका कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेत. कुठल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण अजूनही घरी दुपारी एक ते दोन ते कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, चौदाही पानं वाचली आणि पानागणिक त्यांचा चेहरा उजळत गेला. निवृत्तीनंतर इतकं चांगलं काही त्यांच्या हाताला लागलं नव्हतं.

थोडक्यात नियम असे होते. पक्षी जंगलातून धरलेला नाही, याचा पुरावा हवा. पायात नंबराचं कडं हवं आणि तो नंबर सगळ्या कागदांवर सारखा हवा. तिकडच्या सरकारचा आयात परवाना हवा, आणि तो मिळण्यासाठी इकडच्या सरकारची हरकत नसल्याचं पत्र हवं. निघण्याआधी तीस दिवस पक्ष्याला इतर सर्व पक्ष्यांपासून वेगळा, जाळीच्या आत ठेवायचा, आणि ते सरकारी जनावरांच्या डॉक्टरांनी येऊन बघायचं. मग तपासणीसाठी नमुने. मग प्रवासाच्या तीन दिवस आत आरोग्याचा दाखला. आणि पिंजरा असा, की पक्ष्याला आत उभं राहता, वळता आणि पंख पसरता आले पाहिजेत. मला विमानात जी जागा मिळणार होती, तिच्याबद्दल असं काहीही कुणी लिहिलेलं नव्हतं.

पुराव्यापासून सुरुवात केली. वकील ज्या दुकानातून घेतला, ते पक्ष्यांचं दुकान बंद होऊन त्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलंय. सुदैवाने मालक तोच. त्याला वकील आठवत नव्हता, पण ह्यांनी गालावरच्या ठिपक्यांचं वर्णन करून करून त्याला आठवायला लावलं. त्याने दाखला दिला, पण लेटरहेड होतं मोबाइलच्या दुकानाचं. वर लिहिलेलं, सदर पक्षी पिंजऱ्यातच जन्मलेला असून पाळीव आहे. आणि खाली छापलेलं, पाण्यात पडल्यास जबाबदारी आमची नाही. नियमकाका म्हणाले चालेल, शिक्का गोल आहे.

कड्याचा नंबर वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. अकरा वर्षांत तो झिजला होता. हे वकिलाला धरणार, मी भिंग धरणार, आणि वकील माझं बोट धरणार. तिसरा आकडा सहा की आठ यावर आम्हा नवरा-बायकोत जे बोलणं झालं, त्यात वकिलानेही भाग घेतला. शेवटी मोबाइलवाल्याच्या जुन्या वहीत आठ सापडला, म्हणजे माझं बरोबर होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण घरात त्याची नोंद कुणी घेतली नाही.

आता अर्ज, इकडच्या सरकारच्या त्या पत्रासाठी. आणि इथेच नियमकाकांनी आम्हाला ते ज्ञान दिलं, ज्याने पुढचं सगळं रामायण घडलं. त्यांचं म्हणणं असं, की निर्दोष अर्ज कधीही देऊ नये. खिडकीतल्या माणसाला चूक शोधण्यासाठीच तिथे बसवलेलं असतं. त्याला काही सापडलं नाही तर तो अस्वस्थ होतो, पुन्हा वाचतो, मग वरच्याला दाखवतो आणि अर्ज महिनाभर फिरत राहतो. म्हणून आपणच एक चूक ठेवून द्यावी. सहज दिसेल अशी, एका रेघेने दुरुस्त होईल अशी. ती सापडली की माणूस तृप्त होतो आणि शिक्का मारतो. तीस वर्षांच्या नोकरीत आपण स्वतः याच पद्धतीने तृप्त होत आलो, असं काका म्हणाले, आणि ते इतक्या साधेपणाने म्हणाले की अविश्वास दाखवायला मन धजेना.

कुठली चूक ठेवायची, यावर बैठक झाली. वजन नको, ते नाजूक. नंबर तर नकोच. मग काकांनी 'मालकाचे नाव' या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ह्यांच्याऐवजी वहिनींचं नाव लिहा. तो खोडायला लावेल, वर साहेबांचं लिहाल, बाजूला छोटी सही, झालं. ह्यांना ते पटायला जड गेलं. अकरा वर्षं ज्याला खांद्यावर वागवलं, तो तासभर का होईना बायकोच्या नावावर करायचा म्हणजे काय. पण लेकीचा त्याच सकाळी फोन येऊन गेला होता. "बाबांचं नक्की ना?" असं तिने दोनदा विचारलं होतं. ह्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी माझं नाव लिहिलं, सुवाच्य.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर. खिडकीपाशी पेन दोरीला बांधलेलं, आणि दोरी एवढी आखूड की सही करायची तर गुडघ्यात वाकावं लागतं. मला वाटतं ते मुद्दामच केलेलं असावं, सरकारपुढे वाकायची सवय राहावी म्हणून. खिडकीतले गृहस्थ सौम्य होते. त्यांनी अर्ज वाचला. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे मालकाच्या रकान्यावर आले आणि सरळ पुढे गेले. मग ते एकदम थांबले, आणि त्यांच्या तोंडावर काकांनी वर्णन केली होती अगदी तीच तृप्ती पसरली.

"मॅडम, पक्षी एक आहे की दोन?"

एक, मी म्हटलं.

"मग दुकानदाराच्या कागदावर राखाडी आणि तुमच्या अर्जावर करडा, हे कसं?"

ह्यांनी मला न सांगता करडा लिहिलं होतं. राखाडी म्हटलं की राख डोळ्यांपुढे येते, वकिलाला ते शोभत नाही, असं त्यांचं नंतर म्हणणं पडलं. मी खोडून राखाडी केलं, गुडघ्यात वाकून सही केली. गृहस्थांनी शिक्का उचलला. ते मालकाच्या रकान्यात जरा, असं मी आपण होऊन म्हणाले. त्यांनी पुन्हा बघितलं. "तुमचंच नाव आहे ना हे?" हो, पण. "ओळखपत्र तुमचंच ना?" हो, पण. "मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि शिक्का पडला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारने माझं काही बरोबर आहे म्हटलं, आणि नेमकं तेच चूक होतं.

त्या पत्रावरून तीन आठवड्यांनी तिकडचा परवाना आला. मालक: मी. दुरुस्तीसाठी चाळीस कामाचे दिवस लागतात, असं खाली बारीक अक्षरात होतं. आमच्याकडे निघायला जेमतेम तेहतीस दिवस होते, तेही सुट्ट्या धरून. नियमकाकांनी ते ऐकून चष्मा पुसला. मग म्हणाले की त्यांच्या काळात माणसं लक्ष देऊन वाचायची.

आणि विलगीकरणाच्या पानावर पहिलंच वाक्य होतं: या काळात पक्ष्याजवळ मालकाखेरीज कुणीही जाऊ नये.

आमची मागची खोली, जिथे मी इस्त्री करते, ती वकिलाला दिली. खिडकीला आणि दाराला जाळी ठोकली. आत जाताना चप्पल बदलायची, एप्रन घालायचा, हात साबणाने धुवायचे. बाहेर येताना तेच उलट्या क्रमाने. एक वही ठेवायची: दाणे किती, पाणी किती, विष्ठेचा रंग, विष्ठेचं प्रमाण. संध्याकाळी देवाचं नाव घ्यायच्या वयात मी विष्ठेचं प्रमाण लिहीत बसले. हे दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि जाळीतून सूचना द्यायचे. सफरचंद पातळ काप. साल काढ. आता तुऱ्याकडे बघ, तुरा मागे गेला की तो नाराज असतो. अकरा वर्षांत माझा तुरा किती वेळा मागे गेला, याची वही कुणी ठेवली नव्हती, असं मी म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हटलं. खांदा मोकळा पडल्यामुळे ते चालताना एका बाजूला कलायला लागले होते.

सहाव्या दिवशी कबुतरांचा प्रश्न आला. समोरच्या मावशी रोज सकाळी खिडकीत कबुतरांना दाणे घालतात. ते खाऊन कबुतरं विश्रांतीला आमच्या मागच्या खिडकीच्या कठड्यावर येतात. नियमाप्रमाणे हा इतर पक्ष्यांशी संपर्क. ह्यांनी मावशींना महिनाभर दाणे बंद ठेवायची विनंती केली. मांजराचा अपमान मावशी विसरल्या नव्हत्या. "माझं काही नाही हो, पण कबुतरांना मी काय सांगू?" त्या म्हणाल्या. मग काही दिवस आमचे हे सकाळी सात ते साडेनऊ मागच्या बोळात छत्री घेऊन उभे राहत. ऊन नाही, पाऊस नाही, आणि एक निवृत्त माणूस उघडी छत्री कठड्याकडे हलवतोय. दूधवाल्याने मला हळूच विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना.

सरकारी डॉक्टरीणबाई स्कूटरवरून यायच्या. कमी बोलणाऱ्या, गमबूट घालणाऱ्या, आणि विलगीकरणाच्या घरी चहा न घेणाऱ्या. पहिल्या खेपेला त्यांनी माझी वही पाहिली आणि अक्षराचं कौतुक केलं. दुसऱ्या खेपेला मात्र भुवया वर गेल्या. मी काय करत होते, तर रंग-प्रमाण लिहून झालं की उरलेल्या ओळीत थोडं इकडचं तिकडचं लिहीत होते. आज पाऊण तास गप्प होता. आज मी त्याला लेकीच्या लहानपणचं सांगितलं, नीट ऐकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मत नको. फक्त रंग लिहा."

पण ते मत नव्हतं, खरंच तसं घडलं होतं. दहाव्या-बाराव्या दिवसापासून मी बोलायला लागले की वकील गप्प बसायचा. मान वाकडी करून, एक डोळा माझ्यावर ठेवून, अगदी वाक्य संपेपर्यंत. लग्न झाल्यापासून असं माझ्या बाबतीत कुणी केलं नव्हतं. मी त्याला दोन विमानांच्या मधल्या जागेची धास्तीसुद्धा सांगून टाकली. ह्यांना कधी सांगितली नव्हती.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, डॉक्टर फार थांबणार नाहीत, शुक्रवारी बाळ बाहेर काढतील. तो मंगळवार होता. मग लेकीने फोन घेतला. ती नुसती श्वास घेत राहिली, आणि मी इकडून "आहे गं मी, आहे" एवढंच म्हणत राहिले.

फोन ठेवला तेव्हा मी मागच्या खोलीच्या आत एप्रनमध्ये होते आणि हे बाहेर स्टुलावर. मधे जाळी. मी गेले तर विलगीकरण मोडणार, कारण मालक मी. विलगीकरण मोडलं की परवाना रद्द, वकील राहिला, म्हणजे हे राहिले. आणि मी न जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता, की मी जाणार कशी.

हे उठले. जाळीला कपाळ लावून उभे राहिले. म्हणाले, "वकील राहू दे. मावशींकडे ठेवू. मी येतो तुझ्याबरोबर."

मावशींकडे. मांजरासकट. छत्तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासाठी काय काय केलं, याचा मी कधी हिशोब मांडला नाही, पण मांडला असता तर हे वाक्य सगळ्यात वर लिहावं लागलं असतं. वकिलाने एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि बाजू मांडली नाही.

"डॉक्टरीणबाईंना फोन लावा आधी," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. मी सगळं सांगितलं. काकांची चूक ठेवायची पद्धतसुद्धा सांगितली, कारण घाईत खोटं सुचत नाही. त्यांनी गमबूट न काढता ऐकून घेतलं. मग बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला.

"पक्षी तीस दिवस आत राहिला पाहिजे. मालक बदलला तर चालतो, पक्षी बदलता कामा नये. मध्यंतरी हस्तांतरण, एक पान. मी आजच तिकडे पाठवते."

म्हणजे परवाना हातात आल्यापासून हे एक पान अस्तित्वात होतं. आम्ही तिघांनी मिळून चौदा पानं वाचली होती, पंधरावं विचारायचं कुणाला सुचलं नाही. हस्तांतरणाचं कारण, या रकान्यात मी 'बाळंतपण' लिहिलं. "पक्ष्याचं?" बाईंनी विचारलं. लेकीचं, मी म्हटलं. त्या पहिल्यांदाच हसल्या आणि त्या दिवशी, सगळ्या नियमांविरुद्ध, आमच्याकडचा अर्धा कप चहा प्यायल्या.

ह्यांनी सही केली. एप्रन चढवला, चप्पल बदलली, हात धुतले आणि आत गेले. मी बाहेर आले. दार लागायच्या आत वकील ह्यांच्या उजव्या खांद्यावर होता. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाच. पण थोडा तुरा मागे गेला, हेही खरं.

तिकीट बदललं. बुधवारी मी एकटी निघाले. दोन विमानांच्या मधे काय असतं, ते आता मी सांगू शकते: एक भलामोठा लांब हॉल असतो, त्यात सगळीकडे बाण असतात, आणि आपल्यासारखीच घाबरलेली पुष्कळ माणसं असतात. त्यातल्या एका आजींना मी त्यांच्या दारापर्यंत सोडलं. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. पण त्या माझ्या दंडाला अशा धरून चालत होत्या, की जणू मी जन्मभर हेच करत आलेय. मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

शुक्रवारी पहाटे मी लेकीच्या खाटेशी होते. दुपारी नात झाली. एवढीशी, लालभडक, आणि सगळ्यांवर चिडलेली. लेकीने माझा हात सोडला तेव्हा माझ्या बोटांवर तिच्या नखांच्या चार खुणा होत्या. त्या पुढे आठ दिवस मी कुणालाही दाखवत होते.

पुढचे दिवस कसे गेले ते मला ठाऊक नाही, कारण मी झोपलेच नाही. नातीला दर दोन तासांनी भूक, लेकीला दर तासाला शंका, जावई स्वभावाने गरीब पण घरात कुठे काय आहे ते त्यालाच ठाऊक नाही. अशात ठरल्या दिवशी हे आणि वकील आले. सगळे कागद एका फाइलमध्ये, सगळे शिक्के गोल. विमानतळावर तिथल्या अधिकाऱ्याने फाइल चाळली आणि म्हणाला, इतके व्यवस्थित कागद त्याने माणसांचेही पाहिलेले नाहीत. हे ती गोष्ट दारातच सांगायला लागले, आणि सांगता सांगता हात पुढे केले, नातीसाठी.

तेव्हा त्या अधिकाऱ्याने दिलेला कागद जावयाने वाचून दाखवला. इथे पोचल्यावर आणखी एकवीस दिवस. वेगळी खोली. मालकाखेरीज कुणी नाही. आणि घरात तान्हं मूल असल्यास मालकाने त्या मुलाला हात लावू नये.

लेकीच्या घरात मागे एक छोटी खोली आहे, काचेच्या दाराची. त्यात हे आणि वकील. आणि काचेच्या अलीकडे मी आणि नात. हे काचेला नाक लावून बसत. मी नातीला काचेशी धरायचे. ती झोपलेली असायची. हिचे कान कुणासारखे आहेत, ते जवळून बघितल्याशिवाय सांगता येत नाही, असं हे आतून ओरडून सांगायचे, आणि वकील लगेच विरोधी बाजू मांडायला लागायचा.

पाचव्या दिवशी मी नातीला मांडीवर घेऊन दुपट्यांच्या ढिगाशी बसले होते. काचेवर टकटक झाली. हे आतल्या बाजूला उभे, हातात कोरा फॉर्म.

"अगं, तो पक्षी तुझ्या नावावर करावा म्हणतो."

"का बरं?"

"नाही, तसा तो तुझाच आहे. पहिल्या परवान्यावर तुझंच नाव होतं."

मी एक दुपटं पुरतं घडी केलं. मग दुसरं घेतलं. काचेआड एक पासष्ट वर्षांचा माणूस फॉर्म घेऊन उभा होता आणि माझ्याकडे नाही, माझ्या मांडीवर बघत होता. "नातीला धरायचंय हो मला," ते हळूच म्हणाले. ह्यांनी मला 'हो' म्हटल्याचं उभ्या आयुष्यात आठवत नाही. मी सही केली.

आत गेले, दार लावलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की खोलीत शांतता आहे.

पलंग होता. खिडकीतून ऊन येत होतं. वकील मान वाकडी करून गप्प बसला होता. मी आडवी झाले ती साडेचार तासांनी उठले. उठले तेव्हा दाराशी जावयाने जेवणाचं ताट झाकून ठेवलं होतं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली; मला दाराशी ताट कुणी आणून दिलं नव्हतं. काचेपलीकडे आमचे हे नातीला उजव्या खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते, आणि लेक खुर्चीत बसून त्यांना कसं धरायचं ते शिकवत होती, हसत होती. नातीने त्यांच्या खांद्यावर जे करायचं ते केलं. रफू होण्यासारखं ते नव्हतं. ह्यांनी काचेशी येऊन विचारलं, की हिचे धुतलेले कपडे कुठे ठेवलेत, आणि ते दुधाचं पाणी किती कोमट करायचं असतं. मी कानाकडे बोट केलं, ऐकू येत नाही म्हणून. मग दारावर चिकटवलेल्या सरकारी कागदाकडे बोट केलं. मालकाखेरीज कुणी नाही.

असे पंधरा दिवस. मी दोन पुस्तकं वाचली. लेकीसाठी एक स्वेटर विणायला घेतला आणि तो पूर्ण झाला, जे आमच्या घराण्यात कधी झालेलं नाही. काचेपलीकडे हे दिवसेंदिवस वाळत चालले होते आणि फार सुखात होते. लेकीची भीती कुठल्या दिवशी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विसाव्या दिवशी तिथल्या कचेरीतून फोन आला. बाई गोड बोलत होत्या. उद्या तुमचा काळ संपतो, म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही बाहेर यायला मोकळ्या. फक्त एक औपचारिक प्रश्न: पक्ष्यात आजाराचं काही लक्षण? खाणं कमी, सुस्ती, शिंक वगैरे? तसं काही असेल तर नाइलाजाने सात दिवस वाढवावे लागतील.

मी वकिलाकडे बघितलं. वकील माझ्याकडे बघत होता. तुरा ताठ, गालांवरचे ठिपके चकचकीत, तब्येत खणखणीत. काचेबाहेर नात रडायला लागली होती, हे कपाटाची सगळी दारं उघडून काहीतरी शोधत होते, आणि मला हाका मारत होते.

माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत मी म्हणाले, "एक शिंक झाली सकाळी."

त्यांना फार वाईट वाटलं. पुन्हा पुन्हा माफी मागून त्यांनी सात दिवस वाढवले. शिंक झाली होती, हे अगदी खरं. कुणाला, ते त्यांनी विचारलं नाही.